झाकणे आणि लपविणे



वडाळा हे नाव वाचताच नगर जिल्ह्यातील आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे नेवासे तालुक्यातील मिशनचे जुने ठाणे उभे राहील. परंतु आज ज्या वडाळ्याविषयी लिहावयाचे आहे ते ते नव्हे. हे मुंबई शहरातील वडाळे होय. दादर व माटुंगा ह्यांना लागून पूर्वेस, आणि शिवडीच्या उत्तरेस. त्याच्या खाडीकडील अंगास पूर्वी मिठागरे होती. तिकडील खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचा साधा खिळा दोन पावसाळ्यांत झडू लागतो, असे तेथील रहिवासी सांगतात.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तेथे एका वृद्ध बंधूंच्या घरी पाहुणे होतो. ह्या बंधूंनी आपले सारे आयुष्य सुतारकामात घालविले आहे. घरामागे लहानसे अंगण, त्यात पेरूचे एक झाड, थोड्या कुंड्या, आणि कुदळ, फावडे, झारी वगैरे ठेवण्यासाठी फळ्यांची एक दुपाखी शेड. त्या शेडीवर नवे डांबरी फेल्ट घालावयाचे होते. मुंबईस पाऊस साधारणपणे जूनच्या ११ तारखेस लागतो असे हवामान खात्याचे गणित आहे. तेव्हा हाती दिवस थोडे होते. आम्ही पाहुणे असलो तरी रिकामे बसणे बरे नव्हे म्हणून बाह्या सरसावून मदतीस गेलो. आणि त्या लहानशा छपराने आमच्यापुढे जो प्रश्न टाकला तो अद्याप आमच्या मनातून जात नाही.

खेड्यातील आमच्या वाचकांस डांबरी फेल्ट कदाचित ठाऊक नसेल. देशावर आपली घरे धाब्याची असतात. मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरून ती चोपावी लागते, आणि ज्याने आळस केला त्याच्या घरात पहिल्या वळवातच परातींची रांग लागते. कोकणात कौले चाळतात, गवताची छपरे शाकारतात. तोच उद्देश फेल्टाचा. तागाचे कापड किंवा तंतूंचा जाड थर डांबरात भिजवून त्याची गुंडाळी करतात. मुंबईच्या बाजारात ह्यास टारफेल्ट म्हणतात. सुमारे एक मीटर रुंदीची ही पट्टी फळ्यांवर अंथरून खिळ्यांनी व डांबराने बसवितात. पाणी तिच्यातून जात नाही. ज्या शहरात २००५ सालच्या जुलैच्या २६ तारखेस सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तेथे अशा वस्तूची किंमत काय ते सांगावयास नको.

शेडीवर जुने फेल्ट होतेच. ते दिसावयास फारसे वाईट नव्हते. दोन-चार ठिकाणी फुगले होते, एका कडेस फाटले होते. सुतारबंधूंचा नातू, जो कॉलेजात शिकतो, म्हणाला, “आजोबा, हे उपसून काढण्यात दोन दिवस जातील. ह्याच्यावरच नवे अंथरू आणि खिळे मारू. वरून कोणाला काय दिसणार आहे?” आम्हीही त्याच्या बाजूने बोललो. जुन्यावर नवे म्हणजे दोन पदर झाले, आणि दुपदरी पांघरूण एकपदरीहून बरे, असे आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो.

वृद्ध बंधूंनी उत्तर दिले नाही. ते शिडीवर चढले, एका फुगवट्यावर पटाशी टेकवली आणि अंगठ्याने दाबली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. “पाळकसाहेब,” ते म्हणाले, “तुमचे दोन पदर मी कशाला ठोकू ते सांगा.”

मग सर्व उपसले. जे आम्ही एक फेल्ट समजत होतो ती दोन निघाली. पूर्वी कोणी तरी आमच्याच शहाणपणाने वागून जुन्यावर नवे घातले होते. खालच्या फळ्यांपैकी सात फळ्या भाकरीसारख्या हाताने चुरता येत होत्या. आश्चर्य हे की वरचे फेल्ट पुष्कळ ठिकाणी शाबूत होते. आम्ही विचारले, वरचे शाबूत तर खालचे कुजले कसे? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आमच्या उपदेशक बंधूंनी नीट ध्यानात घ्यावे. पाणी एखाद्या सैल झालेल्या खिळ्याच्या भोकातून येते, तेही थेंबथेंब. उघडी फळी असती तर ती उन्हात वाळली असती. परंतु जे डांबर बाहेरच्या पाण्यास आत येऊ देत नाही, तेच आत शिरलेल्या पाण्यास बाहेर जाऊ देत नाही. ओल कोंडते आणि लाकूड आतल्या आत मरते. चांगले फेल्ट ओल्या फळीवर घातले तर ते फळीचे वैरी होते, मग ते कितीही महागाचे असो.

हे ऐकून आम्ही शिडीखाली उभे असता आमच्या पोटात कालवले, आणि त्याचे कारण लाकूड नव्हते.

काही वर्षांपूर्वी आम्ही देशावरील एका मंडळीची सेवा करीत होतो. तेथे मंडळीचा पैसा एका बंधूंच्या हाती असे. मनुष्य प्रेमळ, गाणारा, आजाऱ्यांकडे रात्री-बेरात्री धावणारा. एका वर्षी सुगीच्या सणाचे अर्पण आम्ही सहज ताडून पाहिले तो चार हजार रुपये कमी भरले. त्यांच्या घरी त्या वेळी दुखणे होते हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही कोणास काही बोललो नाही. आपल्या पगारातून ते पैसे पेटीत घातले, वही जुळविली, आणि प्रीती पातकांची रास झाकते हे प्रेषित पेत्राचे शिक्षण आपण पाळले अशा समाधानाने झोपी गेलो. त्या बंधूंशीसुद्धा आम्ही एक शब्द बोललो नाही. त्यांस लाज वाटेल, असे आम्ही मनास सांगितले.

दीड वर्षाने मंडळीतील एका विधवा भगिनीने आम्हांस वाटेत गाठले. मुलीला नर्सिंगच्या शिक्षणास पाठवावयाचे होते. मोलमजुरीतून साठविलेले पस्तीस हजार रुपये घरात ठेवावयास तिला भीती वाटत होती. ते ह्या बंधूंकडे ठेवावे काय, असे तिने विचारले. वाचकहो, आम्ही क्षणभर थांबलो. मग म्हणालो, “ठेवा, हरकत नाही.” कारण नाही म्हटले असते तर का म्हणून तिने विचारले असते, आणि जे झाकले होते ते उघडे पडले असते.

पुढे काय झाले ते वाचकांनी ओळखलेच असेल. फी भरावयाच्या वेळी पैसे नव्हते, आणि त्या मुलीचे एक वर्ष गेले. आम्ही त्या बंधूंकडे गेलो तेव्हा आम्ही रागावलेले होतो. ते मात्र शांत होते. ते म्हणाले, “त्या वेळी पेटीत पैसे तुम्ही घातलेत हे मला कळले होते. तुम्ही आज बोलाल, उद्या बोलाल, म्हणून मी सहा महिने वाट पाहिली. तुम्ही बोलला नाहीत. मग मला वाटले, चालते.” आम्ही त्या भगिनीकडे जाऊन सर्व हकिकत सांगितली, चार हजारांपासून. तिने एवढेच विचारले, “मी विचारले तेव्हा का नाही सांगितले?” तो पैसा ते बंधू व आम्ही मिळून दरमहा फेडीत आहो, आणि मुलगी पुढच्या वर्षी शिक्षणास गेली, परंतु त्या प्रश्नास आमच्याजवळ आजही उत्तर नाही.

आता प्रश्न असा. पवित्र शास्त्र एकीकडे झाकणाऱ्या प्रीतीची स्तुती करते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायात आणि नीतिसूत्रांच्या दहाव्यात हे शिक्षण आहे. दुसरीकडे त्याच नीतिसूत्रांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, जो आपले अपराध झाकतो त्याचे बरे होत नाही असे बजावले आहे. ह्यांचा मेळ कसा घालावा? सेमिनारीत आम्हांस सोपा तोड शिकविला होता: दुसऱ्याचा दोष झाकावा, स्वतःचा झाकू नये. हाच तोड आम्ही पुढे अनेक उपदेशकांच्या वर्गांत शिकविला. तो खोटा नाही. परंतु आमच्या गोष्टीत तो उपयोगी पडला नाही, हे कबूल केले पाहिजे. आम्ही तर दुसऱ्याचाच दोष झाकीत होतो! निदान तसे दिसत होते. खरे पाहता आम्ही जे झाकले त्यात आमचे स्वतःचे पुष्कळ होते. त्या बंधूंसमोर बसून ते कठीण संभाषण करण्याची आम्हांस भीती होती. आपल्या मंडळीत असे घडले हे कमिटीस कळले तर आपले नाव जाईल ही काळजी होती. चार हजार रुपये देऊन आम्ही ते संभाषण विकत टाळले. दुसऱ्याच्या पापावर घातलेल्या पांघरुणाखाली पुष्कळ वेळा घालणाराही निजलेला असतो.

मोशेच्या नियमशास्त्रात ह्या विषयी एक विलक्षण प्रकरण आहे, ज्यावर आम्ही अद्याप एकही उपदेश ऐकलेला नाही. लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात घरास लागणाऱ्या चट्ट्याचा नियम आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले तर घरमालकाने याजकास कळवावे. याजकाने सात दिवस घर बंद ठेवावे, मग चट्टा लागलेले दगड काढून गावाबाहेर टाकावे, भिंती खरडाव्या, नवे दगड बसवावे, आणि तेव्हाच नवा गिलावा करावा. गिलावा निषिद्ध नाही. खरडण्यापूर्वीचा गिलावा निषिद्ध आहे. आणखी एक बारीक गोष्ट त्यात आहे, तिने आमचे डोळे ओलावले. याजक तपासावयास येण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावे, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही, असा नियम आहे. घराची तपासणी टळत नाही. पण गरीब माणसाची भांडीकुंडी, अंथरुणे आधी वाचविली जातात. जे म्हणतात की अमक्याचा दोष उघड केला तर त्याच्या बायकामुलांचे काय, त्यांस मोशेचे उत्तर हे आहे. आधी मुलेबाळे बाहेर काढा, त्यांच्या पोटाची व्यवस्था करा. त्यांच्या नावाने चट्ट्यावर चुना फासू नका.

येथे वडाळ्याची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ह्याच भागात ॲक्वर्थ ह्या नावाचे कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० साली, जेव्हा हा टापू माटुंग्यात गणला जाई, बेघर महारोग्यांसाठी ते आश्रम म्हणून उघडले. ॲक्वर्थसाहेब म्हणजे त्या वेळचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. मराठी पोवाडे जमवून छापण्याच्या कामी शंकर तुकाराम शाळिग्राम यांचे जोडीदार तेच. (शास्त्रातील जुना चट्टा आणि हा रोग एकच असे वाचकांनी समजू नये, लेवीयात तोच शब्द कापडास व भिंतीसही लावला आहे, आणि ह्या घोटाळ्याने आजवर आजाऱ्यांचा पुष्कळ छळ झाला आहे.) नॉर्वे देशातील हॅन्सेन नावाच्या वैद्याने १८७३ साली ह्या रोगाचा जंतू ओळखला, आणि १९८१ सालापासून अनेक औषधे एकत्र देण्याची जी पद्धत सुरू झाली तिने हा रोग पूर्ण बरा होतो. अट एवढीच की अंगावरील बधिर चट्टा वेळेवर दाखवावा. ज्यांची बोटे वाकडी झाली त्यांपैकी कित्येकांनी तो चट्टा सदऱ्याखाली, पदराखाली वर्षानुवर्षे झाकला. का झाकला? लोक काय म्हणतील म्हणून. तेव्हा दोष नुसता झाकणाऱ्याचा नव्हे. ज्या शेजारपाजाराने दाखविणे अशक्य करून ठेवले त्याचाही आहे. आमच्या मंडळ्यांत एखादा मनुष्य आपले पाप कबूल करण्यास येत नाही, तेव्हा त्याचा निर्लज्जपणा मोजण्यापूर्वी आपण आपल्या पारावरील गप्पा आठवाव्या.

कारण उलट बाजूची चूकही आम्ही पाहिली आहे, आणि ती कमी वाईट नाही. एका गावी एका तरुण उपदेशकाने सत्याच्या आवेशात एका कुटुंबाची खासगी गोष्ट व्यासपीठावरून सांगितली. ते कुटुंब गाव सोडून गेले, आणि आज ते कोठे उपासनेस जाते किंवा जाते की नाही हेही कोणास ठाऊक नाही. छप्पर उपसण्याचा सुतारबंधूंचा नियम त्या उपदेशकास कोणी सांगितला असता तर! त्यांनी दोन्ही पाखी एकदम उपसू दिली नाहीत. “सकाळी जेवढे उघडाल तेवढे सांजेपर्यंत झाकता आले पाहिजे,” असे ते नातवास पुन्हा पुन्हा बजावीत. आभाळ भरून आले तर? प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात जो क्रम घालून दिला आहे तो हाच नव्हे काय? आधी तू व तो, दोघेच. मग एक-दोन साक्षी. मंडळी सर्वांत शेवटी. आम्ही पहिली पायरीच चुकविली, त्या तरुणाने एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारली.

नोहाच्या चरित्रात झाकण्याच्या दोन गोष्टी आहेत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिली तारवाची. देवाने त्यास तारू आतून व बाहेरून डांबराने माखावयास सांगितले. आणि तेथे मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे तो ज्या तीन अक्षरांचा बनला आहे, त्याच अक्षरांनी प्रायश्चित्ताचा शब्द आणि कोशावरील दयासनाचा शब्दही बनला आहे. दुसरी गोष्ट द्राक्षारसाची. म्हातारा उघडा पडला. हामाने बाहेर जाऊन सांगितले, शेम व याफेथ ह्यांनी पाठमोरे चालत जाऊन त्याजवर वस्त्र घातले. हा दुसरा दाखला आम्ही आपल्या कृत्याच्या समर्थनार्थ किती वेळा मनात घोळविला असेल! पण नोहाच्या नग्नतेने त्या रात्री दुसऱ्या कोणाचे नुकसान होत नव्हते. शेमाने पित्याची लाज झाकली. कोणा विधवेस त्या लाजेच्या खाली निजावयास पाठविले नाही. पहिल्या गोष्टीत तारवाच्या आत जीव होते, आणि डांबर त्या जिवांसाठी होते. वाटेने जाणाऱ्यांस तारू सुबक दिसावे म्हणून कोणी ते माखले नाही. आमचे पांघरूण कोणासाठी होते, हे आम्ही त्या बाईने वाटेत विचारले तेव्हाच ओळखावयास हवे होते. तिच्यावर पाणी गळणार होते आणि आम्ही छपराच्या रंगाची काळजी करीत होतो.

ह्या सर्वांवर दाविदाचे बत्तिसावे स्तोत्र आम्हांस अधिकाधिक खोल वाटू लागले आहे. ज्याचे पाप झाकले गेले तो धन्य असे ते आरंभी म्हणते. मग लागलीच कवी सांगतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे जिरत चालली. आणि पाचव्या ओवीत तो म्हणतो की मी आपला अपराध झाकला नाही. इब्रीत क्रियापद तेच, जे पहिल्या ओवीत आहे. देवाने कोणाचे झाकले? ज्याने स्वतः झाकले नाही त्याचे. आमच्या त्या बंधूंची हाडे सहा महिने जिरत होती, आमच्याच डांबराखाली, आणि आम्ही दर रविवारी त्यांच्याशी हात जोडून ‘सलाम’ म्हणत होतो.

ह्यावर कोणी विचारील, तर मग तुम्ही काय करावयास हवे होते? पैसे भरू नयेत काय? आम्हांस वाटते, भरावे. भरण्यात पाप नव्हते. पण आधी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे, त्यांस बोलू द्यावे, पैसा त्यांच्या हातून काढून घ्यावा, तो ह्यासाठी की त्यांजवर तो मोह पुन्हा येऊ नये, आणि वडिलांपैकी एका विश्वासू मनुष्यास सांगावे. मग गावात कोणी विचारले असते तर गप्प राहणे शोभले असते. हे इतके सरळ आहे की लिहावयास लाज वाटते. त्या वेळी मात्र आमच्या मनास ते शिवले नाही.

शेडीचे काम चार दिवस चालले. कुजलेल्या फळ्या बदलल्या, बाकीच्या उन्हात कडक वाळू दिल्या. फेल्टाची गुंडाळी अर्धा दिवस उन्हात सपाट पसरून ठेवली, कारण तिच्यातील वळ निघाला नाही तर ती मागाहून उठते. जेथून पागोळ्या पडतात त्या खालच्या कडेपासून आरंभ केला. पहिली पट्टी, तिच्यावर सुमारे दहा सेंटिमीटर चढवून दुसरी, अशा रीतीने आढ्याकडे गेलो, म्हणजे पाणी वरच्या पट्टीवरून खालच्या पट्टीवर उतरते व सांध्यात शिरत नाही. उभे सांधे नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड करून ठेवले नाहीत. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले, रुंद डोक्याचे; आणि ते वरची पट्टी ज्यांस झाकील अशाच जागी मारावयाचे, उघड्यावर नव्हे. आढ्यावर दोन्ही पाखांवर उतरणारी वेगळी पट्टी घातली. पूर्वेकडील पाख्यावरील एक पट्टी आम्ही हट्टाने स्वतः ठोकली.

जुलैत एका सभेच्या निमित्ताने आमचे पुन्हा वडाळ्यास जाणे झाले. सकाळपासून झड लागली होती. चहा झाल्यावर सुतारबंधूंनी नातवास बाजारात पाठविले, आणि आम्हांस म्हणाले, “पाळकसाहेब, जरा शेडीत येता?” आत गेल्यावर त्यांनी दार ओढून घेतले. अंधार झाला. पूर्वेच्या पाख्यात मोहरीएवढा उजेडाचा एक ठिपका होता. त्याखाली फळीवर पाणी जमे, आणि थोड्या थोड्या वेळाने एक थेंब फावड्याच्या दांड्यावर पडे. “ही पट्टी तुमची,” ते हळूच म्हणाले. “एक खिळा सांध्याच्या बाहेर गेला आहे, आणि खाली फळीचा जोड आहे. फळी अजून ठणठणीत आहे, मी पाहिली.” पोराला ह्यातले काही सांगितलेले नव्हते. कोनाड्यात डांबराचा डबा, फेल्टाचा हातभर तुकडा आणि हातोडी काढून ठेवलेली होती.

दुपारी दोनच्या सुमारास पाऊस उघडला. त्यांनी फळी आतून-बाहेरून फडक्याने पुसून वाळू दिली, शिडी धरली, आणि आम्ही वर चढलो.